चालू लघुउद्योगासाठी सरकारी प्रशिक्षण आणि व्यवस्थापन-विकास योजना : कारखान्यापर्यंत नेमके काय पोहोचते?

प्रश्न : वाळूजकर

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांचे मशिनिंग करणारा आमचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी तो दोन जुन्या लेथवर सुरू केला. आज चार सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग यंत्रे) आणि सगळी मिळून बावीस माणसे आहेत. आमचे काम मोठ्या कंपनीला थेट जात नाही, तिच्या पुरवठादाराकडे जाते, आणि त्या पुरवठादाराच्या गुणवत्ता विभागातील लोक हल्ली प्रत्येक ऑडिटला एकच शेरा लिहून जातात, की यंत्रे चांगली आहेत पण व्यवस्था नाही. त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. रिजेक्शनची नोंद वहीत होते, परंतु महिनाअखेरीस ती वही उघडून कोणता दोष कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या शिफ्टला वारंवार येतो हे पाहणारे आमच्याकडे कोणी नाही. सेटर, म्हणजे नव्या पार्टसाठी यंत्राची जुळणी करणारा माणूस, एकच आहे, आणि तो रजेवर गेला की यंत्रावर मी स्वतः उभा राहतो. दर काढताना मशीनचा ताशी दर म्हणून जो आकडा धरतो, तो शेजारच्या गाळ्यात धरतात म्हणूनच धरतो.

गेले काही महिने मला सल्लागारांचे फोन येत आहेत. कोणी झेड (मालात दोष नको, पर्यावरणाला हानी नको, या निकषांवरचे) प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणतो, कोणी लीनचे (वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करण्याच्या पद्धतीचे), कोणी व्यवस्थापन विकास कार्यक्रमाला नाव नोंदवा म्हणतो, आणि ‘सगळे सरकारच भरते, तुमच्या खिशातून काही जात नाही’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते. या योजनांतून प्रमाणपत्राखेरीज कारखान्यात काही शिल्लक राहते का, आणि राहत असेल तर मी स्वतः वर्गात जावे, सुपरवायझरला पाठवावे की बाहेरच्या माणसाला कारखान्यात आणावे, हे मला समजून घ्यायचे आहे. अनुदानाची टक्केवारी पोर्टलवर वाचता येते. मात्र सुपरवायझर आठवडाभर बाहेर राहिला तर त्या आठवड्याचा डिस्पॅच कोण सांभाळणार, हा खर्च कोणत्याही योजनेत धरलेला मला दिसला नाही. ज्यांनी यातून प्रत्यक्ष काही करून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : निवृत्त विस्तार अधिकारी

वाळूजकर, आपण शेवटी लिहिलेली अडचण हीच या सगळ्या विषयाची मेख आहे, परंतु ती कशी निर्माण झाली हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लघुउद्योगाला भांडवल आणि यंत्र यांच्याइतकीच व्यवस्थापनाची मदत लागते, हा विचार आपल्याकडे जुना आहे. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञ पथकाच्या शिफारशींनंतर १९५४ मध्ये केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी स्वतंत्र विकासयंत्रणा उभी केली आणि तिच्या अंतर्गत लघुउद्योग सेवा संस्था सुरू झाल्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायद्यानंतर त्या एमएसएमई विकास संस्था झाल्या आणि आता त्यांना विकास व सुविधा कार्यालय म्हणतात. आपल्या राज्यात मुंबईला साकीनाक्याजवळ आणि नागपूरला ही कार्यालये आहेत. पाट्या बदलल्या, तरी वर्ग भरवणे, हजेरी घेणे, प्रमाणपत्र देणे आणि अहवाल वर पाठवणे ही कामाची मूळ पद्धत फारशी बदलली नाही, असे माझे नोकरीतले निरीक्षण आहे.

या पद्धतीला एक जुना प्रयोग कारणीभूत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत काकिनाडा येथील व्यावसायिकांना थोड्या दिवसांचे निवासी प्रशिक्षण दिले. त्यात हिशेब किंवा उत्पादन यांपेक्षा काहीतरी करून दाखवण्याची प्रेरणा जागवण्यावर भर होता, आणि पुढच्या काळात प्रशिक्षण घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा धंदा अधिक वाढवल्याचे आढळले. उद्योजकता शिकवता येते, हा विश्वास आपल्या धोरणात रुजला तो अशा प्रयोगांमुळे. गंमत अशी की काकिनाड्याचे ते लोक आधीपासून धंद्यात होते, परंतु त्यावरून उभी राहिलेली यंत्रणा प्रामुख्याने धंद्यात नसलेल्यांसाठी चालू लागली. आपल्याच शहरात, छत्रपती संभाजीनगरला, मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे नाव घराघरांत पोहोचले ते नवउद्योजकांच्या प्रशिक्षणामुळे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानासाठी उद्योजकता प्रशिक्षण घ्यावे लागते. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही याच वाटेवरच्या आहेत. हे सर्व काम आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु वीस वर्षे चाललेल्या कारखान्याच्या दुसऱ्या फळीला तयार करणे हे निराळे काम आहे, आणि त्यासाठी जागा कमी ठेवली गेली.

आपल्यासारख्यांसाठी जे आहे ते असे. विकास व सुविधा कार्यालयांमार्फत व्यवस्थापन विकास कार्यक्रम होतात. ते साधारण आठवडाभराचे असतात आणि त्यांत आर्थिक व्यवस्थापन, विपणन, निर्यात, गुणवत्ता यांसारखे विषय असतात. दुसरी बाजू लीन आणि झेड या योजनांची. सुधारित लीन योजना मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात मूलभूत, मध्यम आणि प्रगत असे टप्पे असून सल्लागाराकडून प्रत्यक्ष काम करून घेण्याच्या खर्चापैकी ९० टक्के वाटा केंद्राचा असतो. मूलभूत टप्प्याला दोन महिने, मध्यमला सहा आणि प्रगत टप्प्याला बारा महिने अशी मुदत आहे. झेडची आजची रचना एप्रिल २०२२ पासूनची; ब्राँझचे शुल्क १०,००० रुपये, सिल्व्हरचे ४०,००० आणि गोल्डचे ९०,००० रुपये, आणि त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० व मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलल्यामुळे यंत्रांतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो, तेव्हा आपण कोणत्या गटात बसता हे आपल्या ताळेबंदावरून एकदा पाहून घ्यावे.

या सर्वांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राच्या पोर्टलवरची लघुउद्योगाची नोंदणी, लागते. ती पूर्णपणे विनामूल्य आहे आणि आधार व पॅन जवळ असेल तर स्वतः करता येते, तरीही तिच्यासाठी शुल्क घेणारी संकेतस्थळे बाजारात आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

प्रतिसाद : शॉपफ्लोअर

मी लीनचा सल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे माझ्या लिहिण्यात माझ्या पोटापाण्याचा भाग आहे हे गृहीत धरूनच वाचावे.

वर्ग आणि कारखाना यांतला फरक एका साध्या कामावरून सांगतो. सीएनसीवर एक पार्ट संपून दुसरा लावायचा असतो तेव्हा किती वेळ जातो, असे मालकाला विचारले की तो म्हणतो, ‘अर्धा तास.’ मग आम्ही सेटरच्या परवानगीने मोबाइल स्टँडवर लावून सगळा बदल चित्रित करतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तोच व्हिडिओ सेटर, ऑपरेटर आणि मालक यांना एकत्र बसवून दाखवतो. त्यात दिसते ते असे, की जॉ (पार्ट पकडणारे जबडे) बदलायला आणि टूल ऑफसेट घ्यायला (हत्याराचे माप यंत्रात भरायला) थोडाच वेळ जातो. बाकीच्या वेळात सेटर सॉफ्ट जॉ शोधायला रॅककडे जातो, ते मागच्या वेळी दुसऱ्याच व्यासाला बोअर केलेले निघतात म्हणून पुन्हा बोअर करतो, ॲलन की शेजारच्या यंत्रावरून मागून आणतो, ड्रॉइंगची ताजी आवृत्ती ऑफिसात असते म्हणून तिकडे जातो, आणि पहिला पीस तपासायला गुणवत्ता तपासनीस जागेवर नसतो म्हणून यंत्र उभे ठेवून वाट पाहतो. यातले एकही काम कोणाच्या आळसामुळे होत नाही. प्रत्येक पार्टचे जॉ, गेज आणि ड्रॉइंग एका क्रमांकित ट्रेमध्ये ठेवावे आणि चालू पार्ट संपण्याआधी पुढचा ट्रे यंत्राजवळ आणून ठेवावा, एवढाच त्यावर उपाय असतो. हेच तत्त्व वर्गात स्लाइडवर दाखवले तर सगळे माना डोलावतात, पण स्वतःच्या यंत्राचा व्हिडिओ पाहिला की त्याच दिवशी सेटर ट्रे मागायला येतो.

म्हणून कोणता टप्पा घ्यावा याचे माझे उत्तर असे आहे, की लीनचा मूलभूत टप्पा फक्त तोंडओळख म्हणून घ्यावा. खरे काम मध्यम टप्प्यात सुरू होते, कारण तिथे सल्लागाराला आपल्या कारखान्यात यावे लागते. झेडच्या ब्राँझबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. पाच निकष, बहुतांशी कागदपत्रे आणि छायाचित्रे यांवर होणारे मूल्यमापन, आणि सवलतींमुळे जवळजवळ फुकट, असा मामला असल्याने ते अनेकांनी घेतले आणि तिथेच थांबले. सिल्व्हरला चौदा आणि गोल्डला वीस निकष आहेत आणि तिथे मात्र नोंदी खऱ्या ठेवाव्या लागतात.

आता आमच्या व्यवसायाची काळी बाजू. ९० टक्के पैसे दुसरा कोणी भरणार असला की मालक सल्लागाराला प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न विचारला जात नाही म्हटल्यावर काही सल्लागार कारखान्यात येण्याऐवजी फक्त अहवाल पाठवतात. एका कारखान्यात मला आधीच्या सल्लागाराचा जाडजूड अहवाल दाखवण्यात आला. कारखाना प्रेसिंगचा होता आणि अहवालातल्या तिसऱ्या प्रकरणात औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंग लाइनचा नकाशा होता. मालकाने तो अहवाल शेवटपर्यंत उघडलाच नव्हता. तेव्हा सल्लागाराला कामाला लावण्यापूर्वी त्याने अलीकडे काम केलेल्या दोन कारखान्यांची नावे घ्यावीत आणि तिथे जाऊन मालकाशी नाही, तर सुपरवायझरशी बोलावे.

प्रतिसाद : आगळवाली

वरच्या दोन्ही प्रतिसादांत वर्गातल्या प्रशिक्षणाला जरा कमी लेखले गेले आहे, म्हणून लिहिते. माझा सिंधुदुर्गात कोकम आगळ, सरबत आणि आमसुले यांचा घरगुती प्रमाणातून वाढलेला उद्योग आहे. माझ्याकडे सीएनसी नाही, सेटर नाही, आणि सल्लागाराने येऊन व्हिडिओ काढावा अशी लाइनही नाही. मला व्यवस्थापन विकासाच्या एका आठवड्याच्या वर्गाने जे दिले ते कोणी घरी येऊन दिले नसते.

तोपर्यंत माझी किंमत ठरवण्याची पद्धत अशी होती : रातांबे (कोकमाची फळे), साखर, बाटली, लेबल आणि गाडीभाडे यांची बेरीज करायची आणि वर थोडे चढवायचे. माझी, सासूबाईंची आणि जावेची मजुरी त्यात नव्हती. फुटलेल्या काचेच्या बाटल्या, पावसाळ्यात न खपता दुकानदाराकडून परत आलेला माल, वितरकाची टक्केवारी, आणि मे महिन्यात घेतलेल्या कच्च्या मालात वर्षभर अडकलेल्या पैशाचे व्याज, यांपैकी काहीच त्यात नव्हते. वर्गात शिकवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी आम्हा प्रत्येकाला आपापल्या एका वस्तूचा खर्च फळ्यावर सगळ्यांसमोर मांडायला लावला, आणि काजूवाल्या, पापडवाल्या, आगळवाल्या अशा आम्ही सगळ्याजणी कुठे ना कुठे स्वतःचे श्रम फुकट देत आहोत हे एकाच दुपारी स्पष्ट झाले. त्यानंतर मी दोन आकारांच्या बाटल्या बंद केल्या आणि उरलेल्या आकाराची किंमत वाढवली. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती, प्रत्यक्षात मोजकेच तुटले.

शिवाय वर्गात सोबत बसलेल्या बायांशी झालेली ओळख हा माझ्यासाठी निम्मा फायदा आहे. आज आम्ही बाटल्या एकत्र मागवतो. हा फायदा कारखान्यात येणाऱ्या सल्लागाराकडून मिळत नाही.

पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे २०२० पासून सुरू झालेल्या योजनेत, ३५ टक्के आणि कमाल दहा लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची चर्चा फार होते, पण तिच्यात प्रशिक्षण आहे आणि प्रस्ताव तयार करण्यापासून परवाने काढण्यापर्यंत मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्तीही आहे. आमच्या भागातील बायकांना त्या व्यक्तीचा उपयोग अनुदानाहून लवकर झाला.

तक्रार आहे ती वेळापत्रकाची. प्रशिक्षणाची पत्रे येतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण निधी मार्चअखेर खर्ची पडायचा असतो, आणि त्यातून उरलेली एप्रिल-मेमध्ये. कोकणातल्या अन्नप्रक्रियेचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. रातांबे झाडावर थांबत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गणपतीचे दिवस सोडून, आम्ही सगळ्याजणी मोकळ्या असतो, हे एका कार्यालयाला लेखी कळवूनही पुढच्या वर्षीचे पत्र मार्चमध्येच आले.

प्रतिसाद : अर्थशास्त्राचा शिक्षक

ताईंनी मांडलेला अनुभव आणि शॉपफ्लोअर यांचे म्हणणे यांत मला विरोध दिसत नाही. उद्योग किती मोठा आहे आणि त्याची अडचण माहितीची आहे की अंमलबजावणीची, यावर उत्तर बदलते. या प्रश्नाचा आपल्या राज्यात झालेला एक कसोशीचा अभ्यास इथे सांगणे उपयोगाचे ठरेल.

स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक यांच्याशी संबंधित संशोधकांच्या एका गटाने २००८ पासून पालघर जिल्ह्यातील तारापूर आणि सीमेपलीकडचे उंबरगाव येथील सूती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांवर एक प्रयोग केला. काही कंपन्यांच्या कारखान्यांना एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीने एक महिना पाहणी आणि पुढे चार महिने प्रत्यक्ष अंमलबजावणी अशी मदत विनामूल्य दिली. उरलेल्यांना केवळ पाहणी मिळाली, म्हणजे काय करायचे ते सांगितले, पण करून घेण्यासाठी कोणी थांबले नाही. शिफारशी साध्याच होत्या. दोषांची रोज नोंद करून त्यांचे विश्लेषण करणे, यंत्रांची वेळापत्रकानुसार देखभाल, सुताच्या साठ्याला चिठ्ठी लावून तो रंग-जातीनुसार रचणे, जमिनीवरचा कचरा हटवणे, अशा एकूण ३८ पद्धती त्यांनी पाहिल्या. पूर्ण मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. ज्यांना केवळ पाहणी मिळाली त्यांनी पद्धती फार थोड्या प्रमाणात उचलल्या.

या अभ्यासातील मला सर्वांत बोलका वाटणारा निष्कर्ष वेगळाच आहे. कंपनीचा आकार कशावर ठरतो हे पाहताना संशोधकांना मालकाच्या कुटुंबातील पुरुषांची संख्या हा घटक मोठा आढळला. बाहेरच्या व्यवस्थापकावर माल, पैसा आणि निर्णय सोपवण्याची मालकांची तयारी नव्हती, म्हणून जितके मुलगे आणि भाऊ तितकीच कारखान्यांची वाढ. मुलींचा विचार या हिशेबात कोणी केलेला नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

संशोधक २०१७ मध्ये त्याच कारखान्यांत पुन्हा गेले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या, तरीही मदत मिळालेले कारखाने न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. पद्धती सुटण्याची जी कारणे पुढे आली त्यांत कारखान्याचा व्यवस्थापक बदलणे आणि मालकाला वेळ नसणे ही ठळक होती. सरकारी योजनेसाठी यातून दोन गोष्टी निघतात असे मला वाटते. पहिली, करून घेणारा माणूस काही महिने कारखान्यात असेल तरच खर्च कारणी लागतो. दुसरी, सल्लागार निघून गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा भेट देण्याची तरतूद हवी, आणि नेमकी तीच आपल्या योजनांत दुबळी आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल : तारापूरच्या त्या कंपन्या सरासरी अडीचशेहून अधिक माणसांच्या होत्या आणि त्या सल्ल्याचा बाजारभाव कोणत्याही सरकारी योजनेच्या दराच्या कितीतरी पट होता. बावीस माणसांच्या कारखान्याला तोच १७ टक्क्यांचा आकडा लावणे योग्य होणार नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : वाळूजकर

सर्वांचे आभार. व्हिडिओची कल्पना मी लगेच वापरणार आहे, त्याला कोणत्याही योजनेची गरज नाही. आगळवाली ताईंचे वाचून मशीनच्या ताशी दराचा हिशेब घसारा, वीज, टूलिंग आणि रिकामा गेलेला वेळ धरून नव्याने मांडायला घेतला आहे, आणि जो आकडा दिसू लागला आहे तो शेजारच्या गाळ्यातल्या दरापेक्षा बराच वर आहे.

आता उरलेली शंका स्पष्टच विचारतो. सुपरवायझरला तयार केले आणि तो समोरच्या मोठ्या कारखान्यात जास्त पगारावर गेला तर काय? आमच्या लेनमध्ये हे घडलेले आहे. मग प्रशिक्षण मी द्यायचे आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, असा हा व्यवहार होतो.

प्रतिसाद : शिरोलीचा ओतकाम

वाळूजकर, ही भीती कोल्हापुरातल्या प्रत्येक फाउंड्रीवाल्याला आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल यांच्यामध्ये चांगला मोल्डर (साचे करणारा) किंवा मेल्टर (धातू वितळवणारा) दर दिवाळीनंतर कुठे जाईल याचा नेम नसतो. परंतु माझ्या मते सरकारने प्रशिक्षणाला पैसे देण्यामागचे योग्य कारण हेच आहे. ज्या माणसाला शिकवल्याचा फायदा शेजाऱ्यालाही होऊ शकतो, त्याच्यावर एकटा मालक पुरेसा खर्च करणार नाही, आणि कोणीच केला नाही तर सगळ्या वसाहतीत कुशल माणसांची वानवा राहील. त्यामुळे हा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा यात मला गैर वाटत नाही. गैर वाटते ते हे, की वर्गाची फी सरकार भरते आणि माणूस बाहेर असतानाचा पगार व बुडालेले उत्पादन मात्र सर्वांत लहान मालकावर टाकते. मोठ्या कंपनीत एक जण गेला तर दुसरा उभा असतो; बावीस जणांत दुसरा नसतो.

यावर आमच्याकडे निघालेला मार्ग सांगतो. आम्ही काही शेजारी फाउंड्रीवाल्यांनी मिळून शिकवणाऱ्यालाच वसाहतीत बोलावले. वाळू-परीक्षण आणि कास्टिंगमधील दोष हे विषय, वेळ संध्याकाळी शिफ्ट बदलताना दोन तास, जागा आमच्यापैकीच एकाची प्रयोगशाळा, आणि प्रत्येकाने आपल्या कारखान्यातले खराब निघालेले कास्टिंग सोबत आणायचे. ब्लो होल (वायू अडकून राहिलेली पोकळी) असलेला तुकडा टेबलावर कापून ठेवला आणि त्या दिवशीची वाळूतील ओलाव्याची नोंद शेजारी ठेवली की सुपरवायझर लोक आपसातच वाद घालू लागतात, शिकवणाऱ्याला फार बोलावे लागत नाही. सगळ्यांचीच माणसे शिकल्यामुळे एकमेकांची माणसे पळवण्याचे कारणही थोडे कमी झाले. उद्योग संघटनेच्या लेटरहेडवर मागणी गेली तर सरकारी कार्यालयेही वसाहतीत कार्यक्रम घ्यायला तयार होतात, कारण त्यांनाही पंचवीस नावांची यादी आयती मिळते. वाळूजला ‘मसिआ’ ही लघुउद्योजकांची संघटना आहे, मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, जवळच इंडो-जर्मन टूल रूम आहे. विषय सेटिंग आणि गेजिंगचा ठेवून तिथून सुरुवात करता येईल.

सेटर एकच असण्याच्या अडचणीवर शिकाऊ उमेदवार घ्यावेत. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला ते बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक, म्हणजे आपल्याला घेता येतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, वाटा केंद्र उचलते. आयटीआयमधून आलेले दोन मुलगे सेटरच्या हाताखाली वर्षभर राहिले तर त्यांतला एक तरी टिकतो, असा आमचा अनुभव आहे. मात्र त्यांना झाडलोट आणि माल चढवण्या-उतरवण्याला जुंपले तर दोघेही जातात.

आणि शिक्षक महोदयांनी तारापूरच्या मालकांबद्दल जे लिहिले ते आपणा सर्वांना लागू आहे. सुपरवायझरला प्रशिक्षण देऊन परत आणल्यावर त्याला साधा इन्सर्ट (हत्याराचे बदलायचे पाते) मागवायलाही मालकाची सही लागत असेल, तर तो पगारापेक्षा याच कारणाने जाण्याची शक्यता अधिक. माझ्याकडे गेल्या वर्षापासून ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी, शिफ्टची माणसे लावणे आणि खराब निघालेला लॉट थांबवणे हे निर्णय सुपरवायझर घेतो. सुरुवातीला मला झोप लागत नसे, हे खरे आहे.

प्रतिसाद : निवृत्त विस्तार अधिकारी

शिरोलीकरांनी सांगितलेल्या सामूहिक मार्गाला एक प्रशासकीय पुस्ती जोडतो. मागणीपत्र जूनच्या आत द्यावे, कारण कार्यालयांची वार्षिक कार्यक्रमपत्रिका वर्षाच्या सुरुवातीला ठरते आणि ऐनवेळी आलेल्या मागणीला फेब्रुवारीतला उरलेला निधीच मिळतो. आगळवाली ताईंच्या तक्रारीचे मूळही यातच आहे. त्यांनी पत्र एकटीने न देता बाटल्या एकत्र मागवणाऱ्या सर्वजणींच्या सह्यांनी द्यावे आणि त्याची एक प्रत जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना द्यावी. पत्रात विषय, सहभागींची यादी, जागा आणि सोयीचे आठवडे लिहिलेले असले, तर कार्यालयाला नकार देणे अवघड जाते.

वाळूजकर, लीनसाठी अर्ज करताना कारखान्याच्या वतीने समन्वयक म्हणून कोणाचे तरी नाव द्यावेच लागेल. तिथे आपले नाव न घालता सुपरवायझरचे घालावे, आणि पोर्टलवरचे मुदती-टक्केवारीचे तपशील अर्जाच्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावेत, कारण ते अर्थसंकल्पानुसार बदलत राहतात.